मागे बसणाऱ्याने रस्ता सांगायचा

प्रिय मंजू,

फोनवर मी काही सांगायला लागले की तू आधी माझ्या गोळ्यांची चौकशी करतेस आणि मूळ बोलणं राहून जातं, म्हणून आज लिहायला बसले. गोळ्या घेते. सोयाबीन निघालं, कपाशीची पहिली वेचणी झाली. आणि मोठी बातमी म्हणजे इंद्रभानकाका गाडी घेऊन कच्छला निघाले. अखेर निघाले बाई.

बाबा गेल्यापासून काका रोज सकाळी आपल्या ओट्यावर येऊन बसायचे. गेल्या दिवाळीत तू पाहिलंस आणि म्हणालीस, किती जीव होता काकांचा बाबांवर. होताच. पण तू चार दिवस पाहिलंस, मी वर्षभर पाहिलं. माझी अंघोळ व्हायच्या आत ते हजर. समोर अंगणात बाबांची नि त्यांची सामाईक मोटारसायकल झाकून ठेवलेली. तिच्याकडे बघत चहाचा एक घोट घ्यायचे की डोळ्यांना पाणी. मग मीच म्हणायचं, "भाऊजी, असं कसं करता, धीर धरा." भेटायला आलेल्या बायासुद्धा आधी त्यांची समजूत घालायच्या. सुभद्राबाई रस्त्यावरूनच ओरडायच्या, "वहिनी, माहा नवरा तुमच्याच ओट्यावर जमा हाय. ठेवून घ्या, फक्त दोन टाइम जेवू घाला!" मी हसायचे. पण मनातून थकले होते. येऊ नका असं कोणत्या तोंडानं सांगू? माझं लग्न व्हायच्या आधीपासूनची त्यांची दोस्ती.

त्यांच्या फिरण्याचा नियम तू लहानपणापासून ऐकला आहेस. गाडी एकच. पुढे बसेल त्याने नुसती चालवायची, मागे बसेल त्याने रस्ता सांगायचा. वाद घालायचा नाही. पेट्रोल भरलं की जागा बदलायची. शेतं एकमेकांना लागून, धुऱ्याच्या हद्दीवरून कधी तोंड वाजलं तरी गाडीवर बसले की संपलं. हिमालयात स्पितीला निघाले त्या वेळी तुझे बाबा मागे बसल्या बसल्या झोपले, आणि काका फाट्यामागून फाटे सोडून नाकासमोर चालवत राहिले, कारण मागून कोणी वळ म्हणालं नव्हतं. रस्ता संपला तो एका लग्नघरी. दोघं तिथे दोन दिवस वरातीत नाचले आणि पुढे गेलेच नाहीत. परत आल्यावर मी विचारलं, बर्फ पाहिला का? तर बाबा म्हणाले, "बर्फ काय, तो पुढच्या वर्षीबी राह्यते."

यंदा पाऊस उघडल्यावर काका एकदा एकटे निघाले होते. मोताळ्याच्या फाट्यापर्यंत गेले, तिथे बराच वेळ उभे राहिले आणि दुपारच्या आत परत आपल्या ओट्यावर. "मांगून कोणी बोलतच नाही ना वहिनी. कोन्या रस्त्यानं जाऊ म्या?" त्या दिवशी मला खरी भीती वाटली. वाटलं, हा माणूस आता मरेपर्यंत इथेच बसणार आणि मी मरेपर्यंत चहा देत त्याचे डोळे पुसणार.

तेव्हा मी तुझं शाळेतलं नकाशांचं मोठं पुस्तक काढलं. मला नकाशा वाचणं कोणी शिकवलं नाही, पण पुस्तकं वाचायला तरी कोणी शिकवलं होतं? बोट ठेवून ठेवून जमलं. चढ नसलेला मुलूख शोधला, कच्छचा; काकांचं वय झालं ना आता. मग एका सकाळी चहा दिलाच नाही. म्हटलं, "भाऊजी, मागची जागा आजपासून माही. फाटा आला का फोन लावा, रस्ता म्या सांगीन. आन नियम तो नियम."

"तुमी? तुमाले त मोताळ्याच्या एस.टी.तही मळमळते!"

"म्हनूनच इथं बसून सांगीन."

गेले. मुक्ताईनगर, धुळे, दर फाट्यावर फोन. मी डावीकडे म्हटलं की डावीकडे. तुझा नकाशा जुना, नवे रस्ते त्यात नाहीत, हे मला काय माहीत! एकदा त्यांना अशा वाटेने पाठवलं की ती एका साखर कारखान्याच्या फाटकावर संपली. पहारेकऱ्याने विचारलं, कोणाकडे आलात? काका म्हणाले, "वहिनीनं पाठवलं." उसाचा रस पिऊन मागे फिरले, पण मला एका शब्दाने बोलले नाहीत. नियम!

परवा मात्र दुपार टळली तरी फोन नाही. मी नकाशावर बोट ठेवून बसलेली. संध्याकाळी फोन आला, आवाज चोरी सापडल्यासारखा. "वहिनी, रागावू नका. फाटा आल्ता, पन तिकडं पानी चमकलं आन म्या न इचारताच वळलो." म्हटलं, बरं केलं. मग त्या पाण्यातल्या लांब पायांच्या गुलाबी पक्ष्यांबद्दल किती वेळ बोलत राहिले. बाबांचं नाव एकदाही निघालं नाही. आवाजही भरून आला नाही.

काल सकाळीही ओटा रिकामाच होता. मी झाडून तिथेच बसले, आणि मंजू, मला रडू फुटलं. गल्लीत ऐकू जाईल असं. सुभद्राबाई धावत आल्या, त्यांना वाटलं काकांना काही झालं. मी म्हटलं, "भाऊजी बरे आहेत हो. माझे हे गेले." इतक्या महिन्यांनी! त्या शेजारी बसल्या. धीर धरा म्हणाल्या नाहीत. आता गावभर झालं आहे की मंजूची आई बिघडली, आणि कोणीतरी तुला फोन करीलच. म्हणून आधी हे लिहिलं. धावत येऊ नकोस, तिकीट काढू नकोस. काका परत यायला अजून आठवडा तरी आहे. तोवर मला माझ्या माणसासाठी नीट रडू दे. आज सकाळीही रडले, आणि नंतर पोटभर जेवले.

घरी एकटी आहे, पण बरी आहे,
तुझीच आई