शिळफाट्याच्या ग्रामसभेबाबत

प्रति,
मा. परीक्षण अधिकारी,
'माझा पाठ' स्पर्धा, नागरिकशास्त्र विभाग,
कर्जत-खालापूर शिक्षक मंच

विषय : श्री. योगेंद्र ठोंबरे यांचे प्रथम पारितोषिक रद्द न करण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. ३ चे निकालपत्र.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविते की, मी कशेळे परिसरातील एका शाळेत सहावीला नागरिकशास्त्र शिकविते. सर्वांनी आपापले पाठ एकमेकांना द्यावेत असे ऑगस्टच्या शिक्षण परिषदेत ठरले, म्हणून मी माझा 'वर्गातील ग्रामसभा' हा पाठ फोटोंसह शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. यात मुले ग्रामस्थ होऊन सरपंचाला प्रश्न विचारतात. श्री. ठोंबरे यांनी 'फारच छान, मॅडम' असे लिहिले आणि नोव्हेंबरमध्ये तोच पाठ स्वतःच्या नावाने आपल्याकडे पाठविला.

त्यांनी गावाचे नाव तेवढे बदलून शिळफाटा केले. शिळफाटा खोपोली नगरपरिषदेत येतो. तेथे सरपंच नाही आणि ग्रामसभा तर औषधालाही नाही. तरी त्यांच्या अहवालात शिळफाट्याच्या ग्रामस्थांनी हातपंपाचा ठराव एकमताने मंजूर केला आहे. आपल्या समितीतील तिघांनी तो वाचून पन्नासपैकी अठ्ठेचाळीस गुण दिले. दोन गुण कशाचे कापले, हे जाणून घ्यायला मला आवडेल.

एवढेही मी गिळले असते. परंतु अहवालाच्या मुखपृष्ठावर हात वर करून उभी असलेली मुलगी माझ्या वर्गातील पारू आहे. वाडीवरून चालत येणारी ही मुलगी दोन वर्षे वर्गात तोंड उघडत नव्हती. या पाठाच्या दिवशी ती पहिल्यांदा उठून बोलली. फोटोखाली मात्र 'कु. रिया, शिळफाटा' असे छापले आहे. ते पाहून पारू म्हणाली, "बाई, फोटू माजा हाय, नाव माजं नाय." तेव्हापासून ती पुन्हा गप्प झाली. माझा राग तेव्हाचा आहे आणि तो शांत व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

सबब विनंती की, पारितोषिक रद्द करू नये. रद्द झाल्यास ते स्वस्तात सुटतील. स्पर्धेच्या नियम ७ प्रमाणे विजेत्याने द्यावयाचा प्रात्यक्षिक पाठ त्यांनी माझ्या वर्गात, सर्व शिक्षकांसमोर, स्वतः सरपंच होऊन घ्यावा. आपण शेजारी ग्रामसेवक म्हणून बसावे. मुलांनी एकेचाळीस प्रश्न काढले आहेत आणि मी एकही गाळलेला नाही. पहिला प्रश्न पारूने विचारावा असे वर्गाने ठरविले. चार दिवस मनधरणी केल्यावर काल ती हो म्हणाली. तिचा प्रश्न असा आहे : "सर, माजं नाव काय?"

हा प्रश्न श्री. ठोंबरे यांना आधी कळवू नये.

आपली नम्र, व त्या दिवशी पहिल्या रांगेत बसणारी,
चारुलता गुप्ते
दि. ११ डिसेंबर

सोबत : १. ऑगस्टमधील मूळ पाठ
२. सहावीचे नागरिकशास्त्राचे पुस्तक, समितीसाठी तीन प्रती