पिशवीतला प्रोसेसर

अण्णा,

तुझा नवा कॉम्प्युटर आता तापत नाही. त्याला थंड ठेवणारं पाणी फिरवणारा पंप ठीक होता, पाणीही कुठे गळत नव्हतं. तरी प्रोसेसरवर पापड भाजला असता, म्हणून प्रोसेसरवर बसवलेला कूलर उघडला. त्याच्या तांब्याच्या तळावरचं प्लास्टिक तू काढलंच नव्हतंस! बसवण्याआधी काढा, असं त्यावर ठळक लिहिलंय. पण आपल्याकडे सोफा, रिमोट, फ्रिजचं दार, सगळं नवं राहावं म्हणून पिशवीतच नांदतं. बिचाऱ्या प्रोसेसरला तू रेनकोट घालून आंघोळ घालत होतास.

काल पाहुण्यांसमोर म्हणालास, "विराटनं हात लावला की वस्तू मरते." अम्मानं मान खाली घातली. मी हात लावलाच नव्हता, पण धाकट्या भावाचं तू ऐकणार नव्हतास.

आज मात्र लावला. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट नवी लावलीय. काढलेलं प्लास्टिक कीबोर्डवर ठेवलंय, जपून ठेव.

मी बोम्मसंद्र्याला मित्राच्या खोलीवर राहायला जातोय. अम्माला मीच फोन करीन, तू काही सांगू नकोस. माझ्या गादीवरचं प्लास्टिक तू कधी काढू दिलं नाहीस, त्यामुळे ती कुणालाही नवी म्हणून देता येईल.

विराट