अक्सोरियस म्हणजे काय

७ फेब्रुवारी
कंपनीच्या समारंभाला जायलाच नको होतं. मोठे साहेब माइकवरून एकेकाची ओळख करून देत होते. माझ्या नवऱ्यापाशी आले आणि म्हणाले, "अवर मोस्ट अक्सोरियस सुपरवायझर!" पुढच्या रांगेतले साहेबलोक फिदीफिदी हसले. बाकीच्यांनी कौतुक समजून टाळ्या पिटल्या. आणि हा — हात जोडून उभा! मी भिंतीकडेच्या खुर्चीत, वॉकर घट्ट धरून. अंगाचा नुसता तिळपापड.

तो शब्द मला माहीत आहे. नोकरीत होते तोवर छापखान्यात मुद्रितंच तपासत होते. अक्सोरियस — बायकोच्या नको इतका नादी लागलेला. टोमणा मारायलाच वापरतात.

८ फेब्रुवारी
सकाळी माझी वेणी घालता घालता त्याने विचारलंच. "साहेब काय म्हणाले गं?"
"कामाला वाहून घेतलेला."
केवढा खुलला! माझी जीभ कशी झडली नाही.

९ फेब्रुवारी
राग जातच नाही. ह्याचा गुन्हा काय? सुट्टी झाली की तडक घरी येतो. अपघातापासून मला उठवतो, चालवतो, खांद्याचे व्यायाम करून घेतो. बढती देऊ केली ती लांबच्या कारखान्यात, तर "हिला टाकून कसा जाऊ" म्हणून नाही म्हणाला. तेच साहेबांना झोंबलंय.

मोठा कोश काढून बसले. नवऱ्यापायी वेडी झालेल्या बाईसाठी असा टोचणारा शब्द आहे का? मला तरी सापडला नाही. आपल्याकडे तरी काय निराळं? पुरुष असला की बाईलवेडा, बायकोच्या ताटाखालचं मांजर. बाईने तेच केलं की पतिव्रता. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी नोकरी सोडली. तेव्हा कोण हसलं?

११ फेब्रुवारी
कळस झाला. ह्याने हौसेने बहिणीला फोन करून साहेबांचा शब्द सांगितला. तिच्या मुलीने मोबाइलवर अर्थ काढला. दुपारी नणंदेचा मला फोन.
"वहिनी, दादाची चारचौघांत शोभा झाली. तुला कळत नव्हतं?"
"कळत होतं. तुझ्या आजारपणात तुझा नवरा कुठे होता गं?"
तिने फोन आपटला. बरं झालं.

त्यालाही तिनेच सांगितलं असणार. जेवताना एवढंच बोलला — "तुला माहीत होतं."
"त्यात लाजण्यासारखं काही नाहीये."
"मग खोटं का सांगितलंस?"
राग साहेबांचा, नणंदेचा, आणि आता सगळ्यांत जास्त माझाच.

१२ फेब्रुवारी
अंधार पडला तरी आला नाही. शेजारणीने येऊन दिवा लावला.

१५ फेब्रुवारी
त्याने बढती घेतली. सोमवारी निघतोय. माझ्यासाठी दिवसभराची बाई ठरवून घेऊन आला. तिला समजावत होता — हिला डाव्या बाजूने उठवायचं, ह्या खांद्याला हात लावायचा नाही, घाई करायची नाही. सगळं अगदी बरोबर सांगितलं. माझ्याकडे एकदाही न बघता.