द्राक्षबागेवरची फीत

तिरुची, १२ जानेवारी १९९६

ती. दादास,

धाकटा सर्जेराव इकडनं पाया पडतो. राग आलाय, तरी पडतो.

माझी तब्येत बरी हाय. गलाईच्या दुकानात सोनं वितळवताना हात जरा भाजला, पण बरा होतोय. आईला सांगू नकोस. तिचे गुडघे कसे हायत?

आपल्या धाकट्या भैणीनं, शकीनं, कौतुकानं लिवलंय, की तू माझ्या क्यासेटची फीत काढून द्राक्षबागेवर ताणलीस आणि आता पाखरं येत न्हाईत. आरं दादा, पाखरं हाकलायला दुसरी क्यासेट नव्हती व्हय? आरत्यांच्या तीन हुत्या की. मिलिटरीतल्या मामानं दिलेलं माझं रॉकचं गाणंच तुला घावलं?

"गाणारा नुसता वरडतोय, गळा दाबल्यागत," असं तू म्हणायचास. त्यातला एक शब्द मलाबी कळत न्हाई. पण सहा वर्सांमागं नववीतनं काढून मला इकडं धाडायचं तू ठरवलंस, त्या दिवशी मी तुला उलट बोललो न्हाई. माळ्यावर बसून ते गाणं पाच येळा लावलं. माझ्या वाटचं तो वरडला. अजून भट्टीपुढं बसलो की तेच तोंडात येतं.

द्राक्षं उतरली की फीत गुंडाळून ठेव, तुटली असली तरी.

शकी म्हणती, वारं सुटलं की ती लय घुमती. तवा हातातलं काम सोडून जरा बागेत उभा राहा आणि ऐक. त्या दिवशी मला तुला जे बोलायचं हुतं, ते तेच.

आईला नमस्कार, शकीला आशीर्वाद.

तुझा भाऊ,
सर्जेराव