हात आहे की सांडशी

२ फेब्रुवारी
सांडशीचा खिळा निखळला. नवी कशाला? हात आहेत की. उकळत्या दुधाचं पातेलं उजव्या हातानेच उतरवलं — काही वाटलं नाही. हे म्हणाले, "हात आहे की सांडशी?" म्हटलं, रोज देवाचं करते, त्यानेच सोसायला दिलंय. जरा गर्वच झाला. देवा, माफ कर.

९ फेब्रुवारी
नणंदेची नर्सिंगची परीक्षा आली. मी लसूण सोलत होते, ती मोठ्याने पाठ करत होती. कातडीचे थर असतात म्हणे. वरचा झिजतो, खालून नवा येतो. त्यातलाच रंग उन्हापासून राखतो. मधल्या थरात घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं, आणि गरम-गार, टोचणं-दुखणं कळवणाऱ्या नसा. सगळ्यांत खाली चरबीची गादी.
"गादी आमच्याकडे जरा जास्तच," मी म्हटलं. खूप हसली.
एवढ्याशा जाडीत केवढा संसार — आणि काही म्हणून वाया नाही!

१० फेब्रुवारी
कालचं मनातून जाईना. गरम कळवायला नसा आहेत, तर माझ्या हाताला का कळत नाही? मनगटाच्या वर फिकट डाग आहे. साबणाने झाला असेल म्हणून सोडून दिला होता.
नणंदेला दाखवला. "वहिनी, डोळे मिटा. कापूस लावते, लागला की सांगा."
बसून राहिले. शेवटी विचारलं, "लावतेस ना?"
"वहिनी, केव्हाचा लावलाय."

१२ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणाले, कुष्ठरोग. सुरुवात आहे, गोळ्यांनी बरा होतो. हाताला पुन्हा कळू लागेल का? "लवकर आलात. आशा आहे." तोवर फडक्याशिवाय गरम काही धरायचं नाही.
जेवताना मीच माझं ताट लांब मांडलं. ह्यांनी ते उचलून स्वतःच्या ताटाला खेटून ठेवलं. "गोळ्या सुरू झाल्या की भीती नाही, असं सांगितलं ना त्यांनी? मग वाढ. भूक लागलीय."
ताटात बघत वाढलं. वर बघवेना.

२० मार्च
गोळ्या चालू आहेत. देवापुढे हात जोडते, तेव्हा डाव्यालाच कळतं की जोडलेत.

१६ मे
तसंच.

४ ऑगस्ट
फडकं घ्यायला विसरले. पातेल्याला बोटं लागली मात्र — हात आपोआप मागे आला. लाल झालीत, झोंबतायत. लिहितानाही झोंबतायत.
ह्यांना हाक मारून सांगितलं, बाजारातून येताना सांडशी आणा. नवी.