सृष्टीचा बिनकाजूचा डबा

सोमवार, २ फेब्रुवारी. दुपारी अडीच.

दुरुस्ती. काल या वहीत लिहिलं, 'सासूबाईंना काजूचं सांगून टाकलं.' हे खरं नाही. खोडत नाही, खाडाखोड वाईट दिसते. खरं असं: सासूबाई मागच्या दारी बांगडे साफ करत होत्या. मी उंबऱ्यात उभी होते. वाक्य पूर्ण तयार होतं. 'आई, सृष्टीला काजू चालत नाही.' त्यांनी वर बघून विचारलं, "काय गो, काय होया?" मी म्हटलं, मीठ खंय आसा?

मीठ माझ्या हातात होतं.

सगळं नीट मांडते, म्हणजे डोकं शांत होईल. जानेवारीत लाडू खाऊन सृष्टीचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या. कुडाळच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, काजूची ऍलर्जी. काजू अजिबात नको. वाटणात नको, चमच्याला लागलेला नको. पुढच्या वेळी याहून जास्त होऊ शकतं. औषधाची बाटली लिहून दिली आणि म्हणाले, घरी, शाळेत, सगळ्यांना सांगा.

नवऱ्याला, विनीतला, सांगितलं. तो जहाजावर आहे. त्याने अंगठा पाठवला.

सासूबाईंना सांगितलं, उष्णता झाली. कारण लाडू त्यांनी केले होते, आणि काजू माझ्या आईने कसालहून पाठवले होते. दोन आज्या एकाच वाक्यात सापडत होत्या. तेव्हापासून सासूबाई सृष्टीला दिवसातून तीनदा कोकमाचं सरबत पाजतात. पोरीत आता उष्णता म्हणून उरली नसेल.

त्यात लग्न ठरताना मीच फुशारकी मारली होती की आमच्या कसालसारखा काजू तुमच्या तोंडवलीच्या वाळूत पिकायचा नाही. सासूबाई अजून ते वाक्य शेजारणींना ऐकवतात. कौतुकाने.

निश्चय: काम लेखी करायचं. आमच्या घराण्यात शाळेत गेलेली पहिली मी. विजेचं बिल, रेशनकार्ड, औषधाची बाटली, सगळं माझ्यासमोर यायचं. कागदावर आलं की गोष्ट पक्की. तोंडाने बोलण्यात गैरसमज फार.

गुरुवार, ५ फेब्रुवारी. सकाळी दहा.

झालं! उगाच घाबरत होते.

तीन डब्यांना तीन चिठ्ठ्या डकवल्या. हिरवी: 'सृष्टीचा डबा. बिनकाजू.' लाल: 'काजू. सृष्टीला देऊ नये.' पिवळी: 'संशयित.' लाल डबा सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही बाजूंनी फिरवून बघितला. म्हणाल्या, "अक्षर मात्र बरा आसा तुझा."

म्हणजे वाचलं. हरकत नाही. राग नाही. समंजस बाई.

त्याच दिवशी, दुपारी चार.

हिरव्या डब्यात काजू. लाल डब्यात जिरं. पिवळ्यात सुकी सुंगटं, कोळंबीचा वास घरभर.

बहुतेक घाईत झालं. अक्षर थोडं मोठं करते. आईची पिशवी आली, दर गुरुवारी येते, एसटीच्या ड्रायव्हरकडून. दोन किलो काजू.

मंगळवार, १० फेब्रुवारी. सकाळी साडेआठ.

आठवड्याचं वेळापत्रक भिंतीला लावलं. सोमवार घावणे-चटणी. मंगळवार तांदळाची भाकरी, तांबडा भोपळा. बुधवार उकडलेलं अंडं. असं शनिवारपर्यंत. खाली रेघ, रेघेखाली 'काजू वर्ज्य'. सासूबाईंनी बघून मान हलवली आणि त्याच खिळ्याला गाळणी अडकवली.

अडचण एकच. मी डबा भरते. रिक्षाचा हॉर्न वाजला की सासूबाई झाकण उघडतात, मूठभर भाजलेले काजू टाकतात, झाकण लावतात. आज मी तिठ्यापर्यंत रिक्षामागे धावले. रिक्षावाल्याला म्हटलं, पाण्याची बाटली राहिली. डबा उघडून काजू काढले. अकरा. फेकवेनात, माहेरचे आहेत. मीच खाल्ले. सृष्टीच्या बोटांवरून ओला रुमाल फिरवला.

सृष्टी म्हणाली, मम्मी, बाटली खंय आसा?

शनिवार, १४ फेब्रुवारी. दुपारी.

रोज धावते आहे. व्यायाम म्हणून चांगलंच.

आज सासूबाईंनी सृष्टीबद्दल विचारलं, चेडू काजू खाता मां? मी म्हटलं, हो, सगळे संपवते. खोटं बोलले. पण त्या क्षणी सोपं होतं. त्या इतक्या खूश झाल्या की मूठ आता दोन मुठी झाली. शिवाय माझ्या आईला फोन करून कळवलं की तुमच्या नातीक काजू म्हणजे जीव की प्राण.

वजन अर्ध्या किलोने वाढलं. माझं.

शुक्रवार, २० फेब्रुवारी. दुपारी तीन.

शाळेला पत्र. नम्रता टीचर चांगल्या आहेत, सृष्टीला आणायला गेले की फाटकात भेटतातही रोज. पण अशी गोष्ट फाटकात उभ्याने सांगणं बरोबर नाही. तिसरा खर्डा झाला. 'आदरणीय' की 'माननीय', ठरत नाही. डॉक्टरांच्या कागदाची प्रत जोडायची, ती साक्षांकित हवी का?

आज टीचरनी हाक मारून विचारलं, काय भक्तीताई, काही बोलायचं होतं? म्हटलं, नाही, सहजच.

पत्र पर्समध्ये आहे. सुरक्षित.

मंगळवार, ३ मार्च. होळी. संध्याकाळी.

आज सगळं जाहीर झालं. जवळजवळ.

होळीपुढे गावकाराने गाऱ्हाणं घातलं. तो देवाला एकेक मागणं मोठ्याने सांगतो आणि सगळे एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. सृष्टी सासूबाईंचं बोट धरून उभी होती. गावकार म्हणाला, पोराटोरांची काय इडापिडा आसात ती दूर कर रे म्हाराजा! सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा! आणि जराशी शांतता पडली त्यात सृष्टीचा आवाज, खणखणीत: "आणि माका काजू नको रे म्हाराजा!"

पन्नास माणसं पोट धरून हसली आणि म्हणाली, व्हय म्हाराजा!

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "ह्या काय बोलता गो?"

देव समोर. गाव साक्षीला. वाक्य पोरीने बोलून टाकलेलं. मला फक्त 'व्हय' म्हणायचं होतं.

मी म्हटलं, पोर आसा, काय पण बोलता.

सृष्टीने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग परत होळीकडे.

तरी प्रगती आहे. विषय निघाला.

सोमवार, ९ मार्च. दुपारी.

दोष कुठे आहे ते सापडलं. चिठ्ठ्यांचा कागद. तेलाने, वाफेने अक्षरं पुसतात. लाल चिठ्ठी तर आज चुलीपाशी अर्धी जळलेली मिळाली, त्यावर फक्त 'सृष्टीला देऊ' एवढंच शिल्लक. असं असेल तर सासूबाईंचा काय दोष?

उपाय: लॅमिनेशन. उद्या सातच्या एसटीने मालवण. बारा चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या, काळ्या शाईत. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा नवी केली: 'ओठ सुजल्यास लगेच ५ मिली. मग दवाखाना.' हे अक्षर मलाच आवडलं.

सृष्टीचा डबा सकाळी भरून, झाकणाला रबर लावून निघेन. एका दिवसाचा प्रश्न आहे. काही होत नाही.

मंगळवार, १० मार्च. संध्याकाळी सहा.

सृष्टी बरी आहे. हे आधी लिहिते. ओठ उतरले. आता शेजारी बसून चित्र काढते आहे.

झालं ते क्रमाने. मी गेल्यावर सासूबाईंनी रबर काढलं. घाईत भोपळा राहून गेलेला; आत कोरडी भाकरी बघून त्यांना वाईट वाटलं, बाकीची पोरं उसळ आणतात. ओल्या काजूगरांची उसळ केलीच होती. दोन डाव घातली. रबर परत लावलं.

सृष्टीने काजूगर बाजूला काढले आणि भाकरी खाल्ली. भाकरीला रस लागलेला. मग स्वतःच टीचरकडे गेली, म्हणाली, माका काजू लागलो, माझो ओठ जड झालो.

टीचरनी मला चार फोन केले. फोन पर्समध्ये, आवाज बंद. पत्राच्या शेजारी. पत्राचा आता पाचवा खर्डा आहे, स्वच्छ. मी दुकानात मशीनसमोर उभी, चिठ्ठ्या सरळ जातात ना ते बघत.

मग त्यांनी घरी फोन केला. ओठ सुजलेत, घरात औषध आहे का. सासूबाईंनी फळीवरच्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या बाटल्या बाजाराच्या पिशवीत भरल्या आणि शाळेपर्यंत धावल्या. वाळूतून, अनवाणी. त्यांचं वय चौसष्ट. पिशवीत नऊ बाटल्या होत्या. खोकल्याचं औषध, गुडघ्यांचं तेल, माझं केसांचं तेल, गुलाबपाणी, विनीतचं जुनं सेंट. आणि ती.

टीचरच्या टेबलावर सगळ्या ओतल्या आणि म्हणाल्या, "बाय, ह्यातला खयचा ता तूच बघ. बेगीन बघ."

टीचरनी चिठ्ठी वाचली. पाच मिली दिलं. सृष्टीच्या रोजच्या रिक्षाने दवाखाना. डॉक्टरनी दोन तास बसवून ठेवलं आणि मग सोडलं. काय झालं तेही सासूबाईंना त्यांनीच समजावून सांगितलं. काजू.

मी एक वाजता पोचले. बारा चिठ्ठ्या घेऊन. एकही वाकडी नाही.

बुधवार, ११ मार्च. सकाळी अकरा.

 आज सकाळी मी लॅमिनेट केलेली लाल चिठ्ठी सासूबाईंपुढे धरली. म्हटलं, आता पाण्याने खराब व्हायची नाही.

त्यांनी ती पदराने पुसली. माझ्या हातात परत दिली.

"गो भक्ती, माका वाचूक येणा नाय."

मला वाटलं, चष्मा सापडत नसेल. तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, "चष्मो? कधी बघितलंस माझ्या तोंडार?"

आठवून बघितलं. लग्नाला आठ वर्षं झाली. नाही बघितला.

त्यांना वाटलं होतं, शिकलेली पोर आहे, देवाचं किंवा सरकारी काही लिहिलं असेल, चांगलंच असणार. विचारायचं कसं? सुनेसमोर लाज वाटते. तोंडाने सांगितलं असतंस तर एकच बाटली घेऊन धावले असते, एवढंच म्हणाल्या.

 कागद हातात घ्यायचा, दोन्ही बाजूंनी बघायचा, मान हलवायची, अक्षराचं कौतुक करायचं. हे मी पहिल्यांदा बघत नव्हते. माझी आई पोस्टमनसमोर, रेशन दुकानात, माझ्या निकालाच्या दिवशी हेच करायची. मी दुसरीत असल्यापासून तिला सगळं मोठ्याने वाचून दाखवत आले. तोंडाने.

सासूबाईंनी जुन्या लुगड्याची लाल चिंधी फाडली, काजूच्या डब्याच्या कडीला गाठ मारली. सृष्टीला बोलावून म्हणाल्या, "ह्या काजूचा. ह्येका हात लावूचो नाय." सृष्टी म्हणाली, माका म्हायत आसा. मग सृष्टीच्या डब्यासाठी वेगळी पळी, वेगळा पाटा काढला.

सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं.

गुरुवार, १२ मार्च. दुपारी चार.

आईची पिशवी आली. पाच किलो. नातीला आवडतात म्हणून.

सासूबाईंनी फोन माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, मी सांगूचंय नाय, ती तुझी आवस. तोंडान सांग. आणि समोर पाटावर बसल्या. सृष्टीही बसली.

फोन लावला. आई म्हणाली, पोचले काय गो काजू? यंदा काजूची बी मोठी आसा, मी सगळे हातान सोललंय, बोटां काळी पडली बघ. सृष्टीक आवडले?

मी म्हटलं, हो. खूप.

आई म्हणाली, मग पाडव्याक आणखी पाठवतंय.

मी फोन ठेवला. सासूबाईंनी उठून पिशवीला चिंधी बांधली. थोडी चिंधी उरली, ती माझ्या मनगटाला बांधायला लागल्या. मी विचारलं, ह्या कित्याक? तेव्हा कळलं की रिक्षामागे धावून मी डब्यातले काजू खाते हे त्यांना रिक्षावाल्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्यांना वाटलं, सुनेला माहेरची आठवण येते. म्हणूनच दोन मुठी टाकत होत्या, एक नातीची, एक माझी.

गाठ मारून म्हणाल्या, "ह्यातय काजूच भरलेले आसत."

सृष्टी एवढी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, मम्मी, भियाव नको, आजयेक मी सांगतंय. मी म्हटलं नको. तू दोनदा सांगितलंस, देवाला आणि टीचरना. आता माझी पाळी.

फोनवर नाही. समोर बसून. सासूबाई आणि सृष्टी बरोबर येणार आहेत. वाक्य कागदावर लिहिलेलं नाही. ही वहीसुद्धा घरी ठेवायची असं सासूबाईंनी बजावलंय.

ठरलं: रविवार, १५ मार्च. सकाळची साडेआठची एसटी. कसाल.