पोटदुखीला कंटाळून

९ सप्टेंबर
बुलढाण्याला जाऊन आलो. दुर्बीण आतून फिरवून झाली, रक्त तपासून झालं, सगळं स्वच्छ. डॉ. म्हणाले, आतड्याला रोग नाही, ते नुसतं चिडखोर आहे. म्हणजे माझ्यावरच गेलं. मग वर्षभर हा मुरडा, ही टमरेल घेऊन धावाधाव कशाची? चांगल्या जिवाणूंच्या कॅप्सूल दिल्यात. काहींना गुण येतो, काहींना नाही, महिनाभर घेऊन पाहा म्हणे. घरी कमलने डबी उलटीसुलटी करून पाहिली. "म्हंजे आता जंतूच खाता का तुमी?" हसलो. बऱ्याच दिवसांनी.

१३ सप्टेंबर
मूर्खपणा. चार दिवस कॅप्सूल फोडून भुकटी उकळत्या चहात घालत होतो. आज उंद्रीत रशीदभाईच्या कृषी केंद्रात बोलता बोलता निघालं. हसून हसून तो खुर्चीतून पडायचा बाकी होता. "भाऊ, सोयाबीनच्या बियाण्याले कल्चर लावता तवा गरम पाणी टाकता का? जिंदा चीज हाय ते!" दरवर्षी सावलीत बसून स्वतःच्या हाताने बियाण्याला ते जिवाणूंचं कल्चर चोळतो मी. पोटाच्या वेळी अक्कल गहाण. आता थंड ताकासोबत.

२१ सप्टेंबर
गुरगुर थोडी कमी. की तसं वाटतंय? मुरडा आहेच. कपाशीची चार बोंडं फोडली, तीन बोंडांत गुलाबी अळी. बीटी बियाणं, अळी लागणार नाही म्हणून निर्धास्त होतो, आता फवारायलाच हवं. कमलचं वेगळंच चाललंय. वावरात निघालो की "थांबा, म्या बी येते." परसाकडे जरा वेळ लागला तरी हाका. माणसाने निवांत बसूही नये!

२६ सप्टेंबर
फार अपमान झाला. रशीदभाईकडे अळीचं औषध मागितलं. म्हणाला, संपलं. त्याच्या मागे फळी भरलेली. बोट दाखवलं तर खाली बघत म्हणाला, "भाभी येऊन गेल्या, भाऊ. तुमाले द्याचं नाही म्हणल्या." गिऱ्हाईकं ऐकत होती.

घरी येऊन नको ते बोललो. ती उलट ओरडली असती तर बरं झालं असतं. पीठ मळता मळता म्हणाली, "पेपरात काय छापते? पोटदुखीला कंटाळून. दर खेपेले तेच. अन् तुमी रोज म्हणता, कंटाळलो या पोटाले." म्हटलं, अगं, बोलायची रीत असते. तर हात थांबवून, "मंग सांगा ना, मनात कधीच आलं नाही?"
चहा ठेव म्हणालो.

२८ सप्टेंबर
शेजारच्या दिलीपने फवारून दिलं. कमलनेच सांगितलं त्याला. मी बांधावर पाहुण्यासारखा. तिचा राग येत नाही आता, भीती वाटते. बरोबर ओळखलं तिनं. परवा कपाशी उपटून टाकावी वाटलं तेव्हा नुसत्या कपाशीचं वाटलं नव्हतं. पोट दुखतं म्हणून असं मनात येतं, की पोटच त्याच्यामुळे दुखतं, कोण जाणे. तिला कसं सांगू

२ ऑक्टो.
सांगितलं नाही.

९ ऑक्टोबर, बुलढाणा
डॉ.नी विचारलं, कॅप्सूलने फरक? म्हटलं, गॅस कमी, धावाधाव निम्म्यावर. झोप? कमलकडे पाहिलं. कमल खुर्चीवरून उठली. "म्या बाहेर थांबू का?" तिचा हात धरला. परक्या माणसासमोर पहिल्यांदाच. म्हटलं, बस इथंच.

मग सगळं सांगितलं. कपाशीचं, पोटाचं, उपटून टाकावी वाटलं त्या दिवसाचंही.  कमल पदर तोंडाला लावून ऐकत होती. डॉ. म्हणाले, कॅप्सूल चालू ठेवा, पण मनाचे डॉक्टर वेगळे, त्यांना आजच दाखवा. चिठ्ठी दिली.

त्या दुसऱ्या डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकावर बसून लिहितोय. आत कोणीतरी आहे, बराच वेळ झाला. मघाशी म्हटलं, उंद्रीची शेवटची गाडी निघून जाईल, पुढच्या आठवड्यात येऊ.
कमल म्हणाली, "जाऊ द्या गाडी."